मधेच उठून जाणारी

नारिन, ९ जून

ऊल्कान एजेंना सालकिनचा सलाम.

तुम्ही वर कुरणावर सुखरूप पोचलात हे तेमिरकडून कळलं. दुधाच्या ट्रकमधून त्यानं तुमची कुमिसची, घोडीच्या आंबवलेल्या दुधाची पिशवी आणि मेंढीच्या शेपटाची चरबी आणून दिली. निरोप तर अगदी तुमच्या आवाजात म्हणून दाखवला. "भाचीला सांग, हे पी आणि हे खा. पोट लोखंडाचं होईल. मग वर्षाच्या जेवणाला तरी बापाला टाकून पळणार नाहीस."

एजे, मी पळाले नव्हते. तुम्ही माझ्या अतांच्या, बाबांच्या सख्ख्या बहीण, गेल्या वर्षी ते गेले तेव्हा शोकाच्या तंबूत माझ्या उजव्या हाताला बसला होतात, तरी तुम्हालाही तसंच वाटावं याचं मला वाईट वाटतं. पोटात पहाटेपासून पीळ पडत होता. माणसं टोळ्याटोळ्यांनी येत होती, प्रत्येक टोळीला आपण नव्यानं गाऊन रडायचं. मी दात आवळून बसले. अतांच्या गॅरेजातले जुने ड्रायव्हर दारात आले तेव्हा मात्र राहवेना. ओळ अर्धी सोडून मी मागच्या शौचालयाकडे धावले. तिथून ऐकू येत होतं: बाहेर ड्रायव्हर हंबरडा फोडताहेत आणि तंबूतून उत्तर नाही. तेव्हापासून अतांच्या गावी, कोचकोरच्या बाजारात मी 'बापाचा शोक अर्धा टाकणारी'.

गेल्या हिवाळ्यात मी बिश्केकला जाऊन सगळ्या तपासण्या केल्या. नळी घातली, रक्त घेतलं, सगळं साफ. आधीचे दोन डॉक्टर म्हणाले, काही नाही, नसा कमजोर आहेत, लक्ष देऊ नका. तिसऱ्या, राखात बाई, त्यांनी मात्र खुर्ची पुढे ओढली. म्हणाल्या, "तपासणी साफ आहे याचा अर्थ दुखत नाही असा नाही." या दुखण्याला इरिटेबल बॉवेल सिंड्रोम म्हणतात. चिडकं आतडं. जखम नाही, गाठ नाही, पण दुसऱ्याला जिथं नुसतं गुरगुरतं तिथं मला कळ येते. डोकं घाबरलं की आतडं घाबरतं, आतडं घाबरलं की डोकं. मुळापासून जात नाही, पण वळण लावता येतं म्हणाल्या. कच्चं दूध आणि कुमिस मात्र सध्या बंद.

अतांचं वर्षाचं जेवण ८ सप्टेंबरला ठरलं. थोरला भाऊ म्हणून मेलिस आके सगळं बघतोय, ते त्याचंच काम. पण शोक गायला तो बिश्केकहून कुणी नामांकित बाई बोलावणार आहे. मला म्हणाला, "तू स्वयंपाकाकडे थांब. तिथून जायला सोयीचं."

मी तंबूत बसणार आहे. हे तुम्हाला आधी सांगतेय.

तुमची सालकिन


सोंगकोल, २१ जून

सालकिन,

पत्र मिळालं. चष्मा सुनेनं वासराच्या पायाखाली दिला, म्हणून दोनदा वाचावं लागलं. दोन्ही वेळा राग आला.

आमच्या वेळी आतड्याला नाव नव्हतं. पोट दुखलं की चरबी वितळवून प्यायची, पालथं झोपायचं, सकाळी घोड्या दोहायच्या. तुझी ती राखात कोण कुठली, कुमिस नको म्हणते? अख्ख्या रशियातून छातीचे रोगी पूर्वी इथं कुमिस प्यायला यायचे. धडधाकट होऊन जायचे. तुझ्या आतड्याला मात्र त्याचा राग येतो. शहरात राहून आतडंसुद्धा शिष्ट होतं वाटतं.

खरं सांग, पोटात मूल तर नाही? कुबात काय म्हणतो? नवरा सहा वर्षं गप्प बसून राहतो म्हणजे त्याला काही म्हणायचंच नाही असं नसतं.

आता शोकाचं. भाड्याची बाई माझ्या भावाला रडणार हे मलाही पटत नाही. तिला काय ठाऊक तो कसा हसायचा. पण तुला बसायचं असेल तर बसल्यासारखी बस. शोक गाणारी मधे उठली तर गेलेल्या माणसाची वाट तुटते असं माझ्या आईनं मला सांगितलं, तिला तिच्या आईनं. मी माझ्या नवऱ्याला रडले तेव्हा ताप होता, ओठ फुटले होते. उठले नाही.

दुसरी पिशवी पाठवते. ही जास्त आंबलेली आहे.

ऊल्कान


नारिन, ६ जुलै

एजे, सलाम.

मूल नाही. कुबात ठीक आहे, भात उत्तम करायला शिकला आहे. त्याचं कारण पुढे लिहिते.

राखात बाईंनी सांगितलं त्याप्रमाणे मी बरेच पदार्थ काही आठवडे बंद केले आणि मग एकेक परत आणला. एकदम दोन नाहीत, नाहीतर गुन्हेगार कोण ते कळत नाही. कांदा पहिला पकडला गेला. लसूण त्याचा भाऊ. कच्चं दूध आणि तुमचं कुमिस, रागावू नका, मी एक वाटी घेतली आणि दुपारभर भिंतीला पाठ लावून बसले. पिशवी शेजारच्या म्हाताऱ्याला दिली, तो तुम्हाला दुवा देतोय. पिठाचे तळलेले बोरसोक नकोत, गव्हाच्या शेवया नकोत. मांस चालतं, चरबी काढून. भात, गाजर, बटाटा, अंडी, ओट्सची लापशी चालते. काळा चहा कपामागून कप नको. उपाशी राहून मग एकदम ताटभर नको. रोज नदीकाठानं चालते. पोटावर हात ठेवून सावकाश श्वास घ्यायला शिकवलंय. पहिल्यांदा केलं तेव्हा मला हसू आलं होतं. आता येत नाही, कारण कळ खरंच उतरते.

लिहायला सोपं आहे. करायला नाही. गेल्या आठवड्यात अनारकान वहिनीच्या भाचीचं लग्न झालं. मी ताटातला मांसाचा तुकडा घेतला आणि कांद्याचा रस्सा बाजूला सारला. वहिनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आमच्या सालकिनला आमच्या हातचं चालत नाही. डॉक्टरीणबाईंना विचारून जेवते." बायका हसल्या. मी रस्सा ओढून घेतला आणि प्यायले, दोन वाट्या. पुढचे तीन दिवस कशी होते ते लिहीत नाही. कांद्यानं त्रास दिलाच, पण माझी मलाच चीड आली ती जास्त वाईट. त्या बायका हसू नयेत म्हणून मी स्वतःच्या हातानं विष घेतलं.

चौथ्या दिवशी मेलिस आके घरी आला तेव्हा मी त्याला सांगितलं, यापुढे मी हसण्याला घाबरून जेवणार नाही. तो म्हणाला, "जेवणाचं सोड. तंबूत काय करणार? जिल्हा कचेरीचा माणूस येणार आहे, अतांच्या गॅरेजचे लोक येणार आहेत. त्यांच्यासमोर पोट धरून धावणार?"

"धावणार नाही. चालत जाईन."

"लोक काय म्हणतील?"

"शौचालयात गेली म्हणतील. ते स्वतः जात नाहीत का?"

तो चहा न संपवता गेला.

एजे, वाट तुटण्याचं तुम्ही लिहिलंत त्यावर मी पुष्कळ विचार केला. आवाज थांबला तर वाट तुटत असेल. मी उठल्यानं कशी तुटेल? मी उठले की तुम्ही आवाज उचला. मी आले की मी घेईन. मागच्या वेळी मी कुणाला काही सांगितलं नव्हतं, म्हणून सगळे गप्प झाले. या वेळी आधी ठरवू. तुम्ही माझ्या उजव्या हाताला बसाल ना?

सालकिन


सोंगकोल, २९ जुलै

सालकिन,

मला यायला जमणार नाही. इथं काम आहे. तुझं तू बघ.

ऊल्कान


नारिन, ५ ऑगस्ट

एजेंना.

तीन ओळी. त्यासुद्धा तिरक्या, जणू घोड्यावर बसून लिहिल्यात.

समजलं. मेलिस आकेचा निरोप तुमच्यापर्यंत पोचला असणार. तुम्हीही जिल्ह्याच्या माणसाला घाबरलात. माझ्या अतांच्या वर्षाच्या जेवणापेक्षा कुठल्या घोडीचं दूध मोठं आहे ते मला कळलं नाही, आणि विचारणारही नाही.

मी येऊ नका म्हणत नाही. पण तुम्ही आला नाहीत म्हणून मी बसणार नाही असं कुणाला वाटत असेल, तर ते मनातून काढा. दोन जणी शोधल्या आहेत. शेजारची जामिला, तिचा आवाज बारीक आहे पण सूर पक्का. आणि मी शिकवते त्या शाळेतली गणिताची बाई ऐसुलू, तिला अजिबात गाता येत नाही, पण न लाजता रडते. रोज संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात बसतो. मी मधेच उठून बाहेर जाते, त्या दोघी आवाज धरून ठेवतात, मी परत येते. पहिल्या दिवशी आम्ही इतक्या हसलो की कुबात बघायला आला. आता जमतं.

तुम्ही शिकवलेलेच सूर आहेत. तेवढे तरी परत मागू नका.

सालकिन


सोंगकोल, १७ ऑगस्ट

वेडे सालकिन,

तुझं पत्र वाचून दाखवताना सून हसली आणि मी तिला लाथ मारली असती, पण लाथ मारायचा पाय फळ्यांत बांधलेला आहे.

२५ जुलैला करडी घोडी बुजली आणि मी दगडावर पडले. मांडीच्या खाली मोडलंय. सरकारी डॉक्टर वर आला, त्यानं बांधलं, खाली चल म्हणाला. मी म्हटलं मेले तरी ट्रकच्या मागे मेंढीसारखी पडून जाणार नाही. म्हणून इथंच. ते पत्र मी पाठीवर पडून लिहिलं, म्हणून तिरकं. पायाचं लिहिलं नाही, कारण तू शोकाच्या तयारीत होतीस आणि मला कुणी माझ्यासाठी आधीच सूर लावलेले नको होते. मेलिसचा कसलाही निरोप मला आला नाही. आला असता तर त्याला माझा परत गेला असता.

आता ऐक. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तेमिर हे पत्र उघडणार नाही अशी शपथ घालून देतेय.

पडल्यावर पहिल्या दिवशी मला लघवीला लागली. सून घमेलं घेऊन आली. मी म्हटलं, नको, लागली नाही. ती परत आली, मी परत नको म्हटलं. माझ्या सुनेसमोर, जिला मी पंचवीस वर्षं हुकूम सोडले, तिच्यासमोर मी उघडी होऊ? दुसऱ्या दिवशीपर्यंत धरून ठेवलं. पोट नगाऱ्यासारखं झालं, ताप भरला, मी बरळायला लागले. मग सुनेनं विचारलंच नाही. पांघरूण काढलं, घमेलं लावलं आणि तंबूच्या आढ्याकडे बघत म्हणाली, "आई, आज ढग छान आहेत." वर ढग नव्हतेच. आढ्यातल्या धुराड्याचं झाकण ओढलेलं होतं.

मी रडले, सालकिन. दुखण्यानं नाही. मला वाटलं होतं लाज म्हणजे घराण्याची इज्जत. ती नुसती मूत्राशयावर बसलेली होती, मला मारायला निघाली होती.

मग तुझं जुलैचं पत्र पुन्हा वाचायला सांगितलं. आवाज थांबला तर वाट तुटते, माणूस उठल्यानं नाही. माझ्या आईला हे कुणी विचारलं असतं तर तिनं काय उत्तर दिलं असतं ठाऊक नाही. मी उत्तर देते. तुझं बरोबर आहे.

तर उठ. पण चोरासारखी उठू नकोस. ओळ पूर्ण कर, मग उठ. जामिलाला सांग, तुझ्या शेवटच्या शब्दावरच तिनं आवाज लावायचा, श्वास मधे येऊ द्यायचा नाही. गणिताच्या बाईला मागे बसव, रडणारं कुणी मागे असलं की तंबू भरलेला वाटतो. आणि त्या दिवशी सकाळी थोडं खाऊन घे. उपाशी आवाज चिरतो, हे तुझ्या राखातशिवायही मला माहीत आहे.

मेलिसला निरोप पाठवलाय. ऐकणार नाही बहुतेक. तो तुमच्या आईवर गेलाय, तीही मरेपर्यंत कुणाचं ऐकायची नाही.

ऊल्कान एजे


कोचकोर, ११ सप्टेंबर

माझ्या एजे,

पायाचं वाचून स्वतःचीच लाज वाटली. मागचं माझं पत्र जाळून टाका. आता झालं ते सगळं सांगते.

मेलिस आकेनं तुमचं ऐकलं नाही. सात तारखेला संध्याकाळी बिश्केकची बाई आली, काळ्या मखमलीचा झगा, माणूस भला वाटला. मी तिला चहा दिला आणि सरळ सांगितलं, उद्या मी गाणार आहे, मी मुलगी आहे. तिनं कपातून वर पाहिलं. "मग मला का बोलावलं?" मी म्हटलं, मला मधे उठावं लागतं, पोटाचं दुखणं आहे, भावाला त्याची लाज वाटते. तिनं कप खाली ठेवला. मग मेलिस आकेला हाक मारली आणि म्हणाली, "मुलगी असताना मी बसत नाही. मी जेवून जाईन." आके लालबुंद झाला. अनारकान वहिनी म्हणाली, उद्या काय तमाशा होतो ते बघू.

आठ तारखेला सकाळी मी भात आणि उकडलेलं अंडं खाल्लं. चहा अर्धा कप. तंबूतल्या बायकांना मी आधीच सांगून टाकलं, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मला आतड्याचा आजार आहे. आज मी एकदोनदा उठून जाईन आणि परत येईन. तेव्हा जामिला गाईल. कुणी कुजबुजायचं असेल तर आत्ताच कुजबुजा, नंतर अतांचा वेळ आहे." कुणी कुजबुजलं नाही. एका म्हातारीनं विचारलं, "तुलाही आहे का ते?" आणि तोंडावर हात ठेवला.

पहिल्या चारपाच टोळ्या नीट गेल्या. मग जिल्ह्याच्या माणसाचा ताफा आला आणि पोटानं तोच मुहूर्त धरला. मी श्वास घेतला, हात ठेवला. उतरेना. ओळ पूर्ण केली. जामिलानं माझ्या शेवटच्या शब्दावर आवाज लावला, तुम्ही सांगितलंत तसा, मधे फट नाही. मी उठले. दारात तो माणूस हात बांधून उभा, मागे मेलिस आके. मी मान झुकवली, म्हटलं, "माफ करा, येते," आणि अंगणातून चालत गेले. धावले नाही. एजे, एवढं लांब अंगण मी आयुष्यात पाहिलं नाही. सगळे बघत होते. मी त्यांच्याकडे बघितलं.

शौचालयात बसून मला तंबू ऐकू येत होता. जामिलाचा बारीक आवाज आणि मागे ऐसुलूचं रडणं. या वेळी शांतता नव्हती. मी तिथं, त्या फळकुटांच्या खोपटात, अतांसाठी पहिल्यांदा मनापासून रडले.

परत आले तेव्हा गॅरेजचे म्हातारे ड्रायव्हर दारात पोचले होते. गेल्या वर्षी ज्यांना उत्तर मिळालं नव्हतं तेच. मी बसले आणि जे ठरवलं नव्हतं ते तोंडातून आलं. गायले की, माझे अता ट्रक चालवायचे, डोलोनच्या घाटात मी लहानपणी पोट धरलं की काही न विचारता ब्रेक दाबायचे, खाली उतरायचे, माझ्याकडे पाठ करायचे आणि चाकांना लाथा मारत राहायचे, जणू चाकातच बिघाड आहे. मागे गाड्या खोळंबायच्या, भोंगे वाजायचे, अता कुणाला सांगायचे नाहीत की पोरगी झुडपामागे आहे. चाक बघतोय म्हणायचे. माझ्यासाठी घाट अडवून धरणारा बाप कुठं गेला, असं गायले.

बाहेर म्हातारे काठ्यांवर वाकून रडत होते. त्यातल्या एकानं रडता रडता म्हटलं, "चाकाला कधी काही झालेलं नसायचं. आम्ही भोंगे वाजवायचो." मखमलीच्या झग्यातली बाई स्वयंपाकाच्या चुलीपाशी उभी राहून तोंड पुसत होती, हे मला नंतर कळलं.

दुपारी आणखी एकदा उठले. तेव्हा कुणी वळूनही पाहिलं नाही.

जेवणाला मी कांद्याचा रस्सा घेतला नाही. वहिनीनं वाटी पुढे केली, मी म्हटलं, "नको, दुखतं." तिनं ठेवून दिली. मेलिस आके रात्री आला, शेजारी बसला. माफी मागितली नाही, तो मागणार नाही. विचारलं, "मला का नव्हतं कधी सांगितलंस? अतांना माहीत होतं आणि मला नाही." मी म्हटलं, "अतांनी कधी विचारलं नाही, म्हणून त्यांना सांगता आलं." त्याला ते कितपत कळलं कोण जाणे.

पोट बरं झालेलं नाही. आजही सकाळी दुखलं. पण महिन्यात जितके दिवस दुखण्यात जायचे त्याच्या निम्मेही आता जात नाहीत. त्या म्हातारीनं, जिनं तोंडावर हात ठेवला होता, काल माणूस पाठवून राखात बाईंचा पत्ता मागवला. आणि परवा रजा संपून मला शाळेत शिकवायला जायचंय. शिक्षकांच्या शौचालयाला कुलूप असतं आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. मी कुलूप तोडायला कुबातची हातोडी पिशवीत ठेवली आहे. आधी मागेन. एकदाच.

सालकिन


सोंगकोल, १९ सप्टेंबर

सालकिन,

सुनेनं पत्र वाचलं, मग तिनंच पुन्हा वाचलं, मग तंबूबाहेर जाऊन उगाच शेळ्यांवर ओरडली. मी डोळे मिटून पडले होते. माझा भाऊ चाकाला लाथ मारतोय हे मला दिसलं. त्याला चाकांतलं काडीचं कळत नव्हतं, बरं का.

पुढच्या आठवड्यात आम्ही खाली उतरतोय. मी ट्रकच्या पुढच्या सीटवर बसणार. तेमिरला सांगून ठेवलंय, वाटेत म्हातारीला जितक्यांदा लागेल तितक्यांदा गाडी थांबायची. तो म्हणाला, उशीर होईल, दूध नासेल. मी म्हटलं, नासू दे.

मुख्याध्यापकानं किल्ली दिली का ते कळव. दिली नसेल तर हातोडी कुठे मारलीस तेही कळव.

एक गोष्ट आत्ताच ठरवून टाकते, पाय बरा होईपर्यंत विसरायला नको. मी मेल्यावर भाड्याची बाई आणायची नाही आणि माझ्या सुनेला पुढे बसवायचं नाही, तिचा सूर घोडीसारखा आहे. तू बसायचं. भात खाऊन ये. मधे हवं तितक्यांदा उठ, सावकाश जा, सावकाश ये. मला तेव्हा कुठं जायची घाई असणार आहे.

तुझी ऊल्कान एजे